गच्चीवरच्या पिसवा

९ नोव्हेंबर, रविवार

परत यीस्टवरून बोलणी खाल्ली.

"किती टाकलंस?"

"चिमूटभर."

"कुनाची चिमूट? तुजी का माजी?"

अण्णांचं म्हणणं, यीस्ट कालवून ओतल्यावर टबातलं पाणी धुक्यासारखं झालं पाहिजे, दुधासारखं नाही. त्यांना आता धुकंही दिसत नाही आणि दूधही नाही. उजवा डोळा मागच्या ऑपरेशननंतर गेला तो गेलाच. डाव्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालाय, उजेड-अंधार तेवढा कळतो. दवाखान्याचं नाव काढलं की ताट सरकवतात. त्यामुळं डोळे माझे, अक्कल त्यांची. हे वाक्यही त्यांचंच.

गच्चीवर शेडनेटखाली चार निळे टब. डॅफ्नियाचे, म्हणजे पाण्यातल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जिवांचे. अण्णा पिसवा म्हणतात, कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला होते तेव्हापासून. यीस्ट खाऊन पिसवा वाढतात, पिसवा खाऊन फायटर माशांची पिल्लं. वाढली की संजू नांदेडला त्याच्या दुकानात नेतो. मधलं सगळं मी.

१२ नोव्हें., बुध.

नळ आला एकदाचा. पाण्याला ब्लीचिंगचा भपकारा. ड्रम भरून उन्हात उघडे ठेवले. हे पाणी लगेच टबात घातलं तर एक पिसू राहायची नाही.

दु. पिल्लं निवडली. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले. "वाकडं दिसलं की काड." एकाची शेपटी जराशीच वाकडी होती. पोहत चांगलं होतं. म्हटलं, राहू द्या की अण्णा.

"कोन घील त्याला? घेत न्हाई ना कोनी? मग."

चमच्यानं उचलून मोठ्या नर माशाच्या बरणीत टाकलं. बरणीत खळबळ झाली, ती अण्णांनी मान कलती करून ऐकली. हसले. मग म्हणाले, "तुज्या येळंला आसं निवडता आलं आसतं तर मुरुडवाल्यानी आपल्याला नावं ठिवली नसती."

मुरुडला इतकी वर्षं नांदले. लेकरू झालं नाही म्हणून सासरच्यांनी बापाच्या दारात आणून सोडलं. सोडलं त्यांनी एकदाच. अण्णा रोज सोडतात.

१६ नोव्हें., रवि.

संजू आला, मासे घेऊन गेला. अण्णांनी स्वतःच्या वाटीतलं दूध त्याच्या वाटीत ओतलं. चाचपत, सांडत. "खा रं बाळा, लांबून आलास." माझा धाकटा भाऊ. पोट सुटलंय, डोक्यावर केस राहिले नाहीत. बाळ.

आजपासून चार नंबरच्या टबात माझ्या मनानं खायला घालतेय. यीस्ट अगदी नावाला. त्याऐवजी खिडकीतल्या बरणीत उन्हानं झालेलं हिरवं पाणी, आणि भिजवलेलं हरभऱ्याचं पीठ फडक्यातून गाळून, त्याचं वरचं पाणी. एकदम नाही, थोडं सकाळी, थोडं उन्हं कलल्यावर. आधीचं खाऊन पाणी निवळल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर बोटांची नखं दिसली पाहिजेत. अण्णांना सांगितलं नाही.

२३ नोव्हें., रवि.

चार नंबर!! चहाची गाळणी एकदा फिरवली तर निम्मी भरली. एकेक पिसू टपोरी, पोटात पिल्लं दिसतात, हिरवट पिवळी. बाकीच्या तीन टबांतल्या त्यांच्यापुढं भुकेल्या वाटतात. आता सगळ्या टबांना हेच खाणं सुरू केलं.

अण्णांना म्हटलं, चार नंबर लई वाढलाय.

"मंजी माजी चिमूट लागू पडली."

मी गाळणी धुतली.

२९ नोव्हें., शनि.

आज कादरी सर आले होते, अण्णांच्या कॉलेजमधले प्राणिशास्त्राचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. सरांना वर नेलं. चारही टब भरभरून. सर वाकून बघत राहिले. "वा! लॅबमध्येसुद्धा अशी जमत नव्हती आपल्याला. काय खायला घालता?" मला विचारलं. माझ्याकडं बघून.

मी तोंड उघडलं होतं.

अण्णा जिन्यातूनच, "तिला काय इचारता सर? ती ओतायचं काम करती. माप माजं हाय. हात बी धड न्हाईत तिचे, मुरुडवाल्यानी उगंच वापस धाडली का?" आणि हसले. मोठ्यानं.

सर म्हणाले, "अण्णाराव, असं काय बोलता." पण पुढं काही बोलले नाहीत. चहा न घेता गेले. मला वाटतं माझ्याकडं बघायची लाज वाटली त्यांना. मला त्यांची वाटली.

३० नोव्हें., रवि.

सरांनी कौतुक केल्यापासून अण्णा फुगलेत. दुपारी कठडा धरून वर आले, यीस्टचा डबा मागितला आणि चारी टबांत आपल्या हातानं टाकलं. "बग. आसं टाकायचं." माप बरोबर होतं. ते खोटं लिहिणार नाही.

संजू दुकानाच्या कामानं बाहेरगावी, आला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

झालं ते असं.

सकाळी वर जाऊन आले. टब झकास. खाली अण्णा चहा पीत होते. रोज विचारतात तसं विचारलं, "कशा हायेत?" रोज मी "चांगल्या" म्हणते.

म्हणाले... नाही. मी म्हणाले, "मेल्या."

कप खाली ठेवला त्यांनी. "कोनत्या टबातल्या?"

"सगळ्या. तळाला पांढरा थर बसलाय."

"आसं कसं?"

"काल तुम्ही टाकलं होतं यीस्ट."

हे पुढचं मी ठरवलं नव्हतं. किंवा ठरवलं असेल. त्यांच्या तोंडाकडं बघत होते. दिसत नसलं तरी माणूस डोळे मिटतं, हे पहिल्यांदा बघितलं.

मला भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या ठेच्यासोबत.

३ डिसें., बुध.

अण्णांना पटत नव्हतं. "मला पानी आन. वास घेतो." वर चढवत नव्हतं त्यांना. म्हणाले वाटीत आण.

मी आणलं. टबातलं नाही. परवापासून कालवून ठेवलेलं यीस्ट उन्हात आंबलं होतं, ते थोडं साध्या पाण्यात घातलं. वाटी हातात दिली. बोट बुडवलं, नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं.

"आंबलं."

"हाव."

बोट धोतराला पुसलं. परत पुसलं. "माज्याच हातानं," म्हणाले. मला नाही, असंच.

मी वाटी मोरीत उपडी केली.

८ डिसें., सोम.

वर येत नाहीत. यीस्टचं विचारत नाहीत. मी गच्चीवर जाऊन येते तेव्हा म्हणते बरण्या घासून राहिलेय, वाळवण घालून राहिलेय, पिल्लांना दुकानातली पावडर घालून राहिलेय. खोटं बोलायला काही कष्ट पडत नाहीत, याचं नवल वाटतं.

आज म्हणाले, "मंगल, जमलं तर पानी देती का?"

जमलं तर! जन्मात हा शब्द ऐकला नव्हता. पाणी दिलं. हळू हळू दिलं. त्यांना थांबावं लागलं तेवढं बरं वाटलं. उद्याही थांबवीन.

१४ डिसें., रवि.

संजू सरळ गच्चीवर गेला. मागोमाग धावले पण तोवर बघितलंच.

"अक्का, हे काय? अण्णा तर फोनवर रडत व्हते. सगळं मेलं म्हनून."

त्यानं माझ्याकडं बघितलं, टबाकडं बघितलं, आणि हसायला लागला. तोंडावर हात ठेवून, खाली आवाज जाऊ नये म्हणून.

"तू तर लई पोचलेली निघालीस."

"सांगणार का?"

"मी कशाला सांगू? मला पिसवा पायजेत. गिऱ्हाईक जित्ताच खुराक मागून राहिलंय. दर खेपेला दोन पिशव्या भरून ठिव. न्हाईतर अण्णांसंगं बोलता बोलता जाईल कायतरी तोंडातून."

पिशव्या भरून दिल्या. खाली जाऊन त्यानं अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या अण्णा. वय झालं तुमचं. हाताला अंदाज ऱ्हात न्हाई आता." अण्णांनी त्याचा हात धरून ठेवला.

आमच्या घरात कुणी कुणाला मारत नाही. कधीच मारलं नाही.

२४ डिसें., बुध.

थंडी चांगली पडलीय. पिसवांना मानवली. असं पीक मी कधी बघितलं नव्हतं. रोज पाव टब काढते तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. उलट काढलं नाही तर दाटी होऊन पाठीवर काळी अंडी धरतात, मग पिल्लं देणं बंद. काढत राहायचं, थोडं थोडं घालत राहायचं. हिरव्या पाण्यात चमचाभर पालकाचा रस घालून बघितला, नाही आवडला. हरभऱ्याचं पाणीच बरं.

हे कुणाला सांगू? ज्याला कळेल असा एकच माणूस, तो खाली भिंतीकडं तोंड करून पडलाय.

त्यांना बरं वाटावं असं नाही वाटत. त्यांनी विचारावं असं वाटतं. 'काय घालतेस गं?' एवढंच.

३ जानेवारी, शनिवार

अण्णा आज आपणहून म्हणाले, "संजूला फोन लाव. मला डोळा करायचाय."

मला वाटलं नीट ऐकलं नाही. इतकी वर्षं मी आणि संजूनं पाया पडून सांगितलं. उजवा गेला म्हणून घाबरलेत ते घाबरलेतच.

"आता काहून?"

"मला बगायचंय काय चुकलं ते. टब तसेच ठिव. खरडून धू नकोस. तळाला काय बसलंय ते मला सोता बगायचंय."

संजूला फोन लावून दिला. माझ्या हातातून फोन निसटला, अण्णा म्हणाले, "नीट धर की."

४ जाने., रवि.

संजू म्हणतो, एवढं काय त्यात. "सांग की नांदेडहून नवं बी आनून परत टाकलं म्हनून. खूश हुतील."

बरोबर आहे. एका वाक्याचं काम आहे.

पण खूश होतील, मग वर येतील. डबा मागतील. 'माजी चिमूट.' कादरी सरांना बोलावतील. आणि मी परत ओतायच्या कामाला.

संजूला म्हटलं, नको. मेल्या त्या मेल्या.

"आगं मग दिसाया लागल्यावर काय दावशील?"

फोन ठेवला.

१८ जाने., रवि.

संजू गाडी घेऊन आला, अण्णांना नांदेडला नेलं. उद्या ऑपरेशन. जाताना उंबऱ्यात थांबून माझं तोंड चाचपलं. गाल, कपाळ. मला वाटलं काही बोलतील. "तब्येत उतरली तुजी," म्हणाले. गाडीत बसले.

नंतर बराच वेळ दारातच उभी होते.

१९ जाने., सोम.

ऑपरेशन झालं. संजूचा फोन. पट्टी उद्या काढणार. डोळ्याचा मागचा पडदा चांगला असला तर दिसेल, नसला तर अंधुक. डॉक्टर म्हणाले आठवड्यानं परत तपासल्यावरच नक्की सांगता येईल. रविवारी आणून सोडतो म्हणाला.

२० जाने., मंगळ.

ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन वर गेले. प्रत्येक टबात एक ओंजळ, की झालं. दोन दिवसांत तळाला पांढरा थर. खोटं खरं होईल. अण्णा बघतील, 'माज्याच हातानं मेल्या' म्हणून मान खाली घालतील, आणि ती आयुष्यभर खालीच राहील.

चार नंबरशी बसले. पिशवी उघडली होती. खाण्याची वेळ झालेली, सगळ्या वर येऊन टबाच्या उन्हाच्या बाजूला गोळा झाल्या होत्या.

हरभऱ्याचं पाणी घातलं. पिशवी परत बांधली.

रविवारपर्यंत वेळ आहे.

२२ जाने., गुरु.

वेळ नव्हता.

दुपारी गाडी थांबली. संजूला रविवारी दुकान सोडता येत नाही म्हणून आजच घेऊन आला. अण्णा काळा चष्मा घालून. मी तांब्या घेऊन पुढं झाले पाय धुवायला, तर म्हणाले, "आदी वर."

जिना चढले. कठडा धरून, पण पाय चाचपत नव्हते. संजू खाली फोनवर. मी मागं.

चार नंबरपाशीच उभे राहिले, का कोण जाणे. शेडनेटमधून ऊन येत होतं आणि पाण्यात एवढी गर्दी की पाणीच हलतंय वाटावं. चष्मा काढला. डोळा लाल, पाझरणारा. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं, तरी वाकले. तोंड पाण्याजवळ नेलं. खूप वेळ.

"ह्याच का मेलेल्या?"

संजूनं दिलेलं वाक्य जिभेवर होतं. नवं बी आणलं अण्णा. नांदेडहून आणलं.

"हाव," म्हणाले मी.

"हं."

फळीवर हात फिरवून यीस्टचा डबा काढला. झाकण उघडलं. चिमूट नाही. डबा टबावर उपडा धरला आणि बुडाला थापट्या मारल्या. मग बाही वर करून कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. पाणी दुधासारखं झालं.

"मेलेल्यास्नी काय हुतंय? व्हय का न्हाई?"

मी पाण्याकडं बघत होते.

"इचारून राहिलो मंगल. हुतंय का काय?"

"नाही," म्हणाले. "काही होत नाही."

"मग हे तीन ऱ्हायले. त्यात तू टाक."

फळीवर यीस्टची पाकिटं होती. एक फोडून माझ्या हातात दिलं. एका टबात टाकलं. दुसऱ्यात टाकलं. ते बाजूला उभे होते, डोळा पुसत, तोंड माझ्याकडं. तिसऱ्यात पाकीट उलटं केलं पण पाकिटाचं तोंड मुठीत दाबून धरलं. थोडंच पडलं. ते काही बोलले नाहीत.

"झालं?"

"झालं."

"च्या ठिव."

अण्णा खाली गेले. मी शेडनेटचा बांबू धरून उभी. चार नंबरच्या पिसवा वर आल्या होत्या. खायला नाही, श्वासाला.

२३ जाने., शुक्र.

सकाळी तीन टबांच्या तळाला पांढरा थर. मी सांगितला होता तसाच, अगदी तसाच. वास वाटीतल्यासारखा.

ज्या टबात हात आखडला त्यात काही आहेत. जगतील असं दिसत नाही. गाळणीनं जितक्या हलत होत्या तितक्या उचलून बादलीत घातल्या. निवळलेलं पाणी फार नव्हतं, काल ड्रम भरायचे राहिले. बादली टाकीच्या मागं सावलीत ठेवलीय. संध्याकाळी बघितलं तेव्हा काही हलत होत्या, काही नव्हत्या. अंधार पडत होता, नीट कळलं नाही.

खालून ऐकू आलं, "मंगल, काय करून राहिलीस?"

"टब धुतेय."

"धू. नीट धू."

पाकीट मुठीत दाबलं ते त्यांना दिसलं नाही म्हणून बोलले नाहीत? की दिसलं म्हणून? काल रात्रीपासून हेच. संजूला विचारलं, अण्णांना किती दिसतं रे? तो म्हणाला, "मला काय म्हाईत, रस्त्यानं तर झोपलेच व्हते." गेला तो. पिशव्या मिळाल्या नाहीत म्हणून तोंड वाकडं करून.

जेवताना अण्णा म्हणाले, "पिल्लांला आता काय घालनार?"

"पावडर."

"हं."

मग तांब्याकडं हात नेला. चुकला, वाटीला लागला, आमटी सांडली. मी तांब्या उचलून हातात दिला. खरंच चुकला, का... चष्म्यामागं काय आहे ते दिसत नाही. माझंच तोंड दोनदा दिसतं त्यात.

पुढच्या आठवड्यात परत नांदेड, तपासायला. मी म्हटलं संजूला बोलावते.

"संजू नगं," म्हणाले. "तू चल संगं."